डबल केबिनच घ्या, पण नावावर करून!

सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की आमच्या बुलढाण्याकडे सेकंडहँड पिकअपचा विषय निघतो, आणि मग पुण्या-मुंबईत आयटीत असलेल्या पोराला फोन येतोच. सल्ल्यासाठी नाही हो, डाउन पेमेंटसाठी! तर पैसे देणारच आहोत तर चार शब्द बोलायचा हक्कही आपलाच, नाही का?

डबल केबिन म्हटलं की घरून पहिला प्रश्न ठरलेला. "दोन केबिनचं काय करतं रे बाबू? माल कुठी भरशीन?" हिशेब म्हणून प्रश्न अगदी बरोबर आहे. मागे सीट आली की हौदा आखूड होतो, तेवढी पोती कमी बसतात. पण या हिशेबात एक गोष्ट धरलेलीच नसते: आपल्याकडे पिकअपमध्ये फक्त माल जात नाही. निंदणीला बाया जातात, लग्नाला वऱ्हाड जातं, सैलानीच्या यात्रेला अख्खं घर जातं. आणि हे सगळे बसतात कुठे? हौद्यात.

२० ऑगस्ट २०२१ ला सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावरचा एक टिप्पर उलटला. त्यात लोखंडी सळया आणि मजूर एकत्र भरले होते. १३ मजूर गेले. माल आणि माणूस एकाच हौद्यात घातले की काय होतं, हे सांगायला यापेक्षा वेगळं उदाहरण नको.

कायद्याचंही ऐका. मालवाहू गाडीत असंच फुकट बसवलेल्या प्रवाशांची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच स्पष्ट केलंय. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस सोबत असेल तर गोष्ट वेगळी. पण वऱ्हाडातला मामा म्हणजे काही माल नव्हे! म्हणजे उद्या काही झालंच तर भरपाईचा बोजा गाडीमालकावर. शेत विकायची वेळ येऊ शकते.

म्हणून माझं मत: चार पोती कमी बसू देत, डबल केबिनच घ्या. पाच माणसं छपराखाली, दाराच्या आत, पट्टा लावून बसतात. हौदा मालासाठीच राहू द्या. मात्र एक बघून घ्या. काही ठिकाणी साध्या पिकअपला वेल्डिंग करून 'डबल केबिन' बनवतात. कंपनीच्या मूळ रचनेत असा परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मनाई आहे. आरसीवर आसनक्षमता किती लिहिलीय ते वाचा, मग सीटा मोजा. आकडा जुळला नाही तर चहा पिऊन परत या.

आता गाडी बघायची कशी? सेकंडहँड गाडी म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड. डॉक्युमेंटेशन कितीही छान असो, रन करून बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर का, ते विचारा. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडा. भकाभका धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिनचं काम जवळ आलं. मागे वाकून पाटे बघा. जादा पाटा टाकलेला दिसला तर गाडीने ओव्हरलोड सोसलाय, मग चासीला कुठे तडा किंवा वेल्डिंग आहे का ते तपासा. आणि ट्रायल सपाट रस्त्यावर नको. माणसं बसवून राजूर घाट चढवा. बोलेरो कॅम्पर असो की झेनॉन, दम आहे की नाही ते घाटच सांगतो.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. "फॉर्मवर सह्या केल्यात, नावावर नंतर करू." हे वाक्य आपल्याकडे इतकं चालतं की कुणाला त्यात वावगंच वाटत नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय की आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. गाडी मधे कितीही हात फिरली असली तरी अपघाताच्या भरपाईला जबाबदार तोच. म्हणजे हा फास विकणाऱ्याच्या गळ्यात. पण घेणाऱ्याचंही काही खरं नाही: पैसे मोजून झाले आणि कागदावर गाडी दुसऱ्याची! राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३०, बस. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म ३५ घेऊन तो आधी उतरवा. गाडी पिवळ्या पाटीची असेल तर फिटनेसची तारीखही बघा. आठ वर्षांहून जुन्या गाडीला ते दरवर्षी लागतं.

आपण इथे एसीत बसून प्रॉडक्शनला कोड टाकताना दहा अप्रूव्हल घेतो. गावाकडे ज्या गाडीत आपलीच आई बसणार आहे, तिचे कागद मात्र 'नंतर' वर सोडतो. तेव्हा डाउन पेमेंटचे पैसे पाठवताना एकच अट घाला: अर्धे आत्ता, अर्धे गाडी नावावर झाल्यावर. काका दोन दिवस रुसतील. रुसू देत की!