मधमाशीला रंग कळतो का?

मधमाशीला रंग कळत नाहीत, असे जर्मनीतील नामवंत नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस ठामपणे सांगत. साहेबांनी सांगितले म्हणजे संपले! तरुण कार्ल फॉन फ्रिश यांना ते पटेना. मग फुले रंगीत कशासाठी? निळ्या कागदावर साखरपाणी ठेवून त्यांनी माश्यांना सवय लावली. नंतर फिक्या-गडद करड्या कागदांत एक निळा कागद मिसळला, त्याची जागा बदलली, बशी रिकामी ठेवली. तरी माश्या निळ्यावरच उतरल्या. हे १९१४ साली प्रसिद्ध झाले. तांबड्यावर मात्र त्या फसल्या. तांबडा आणि काळा त्यांना सारखाच. उलट, आपल्याला न दिसणारे अतिनील किरण त्यांना दिसतात. आपल्याला साध्या पिवळ्या दिसणाऱ्या काही फुलांवर त्यांना वेगळीच नक्षी दिसते.