बॅटरी थकली की बिघडली?

विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या पडद्यावर बॅटरीच्या दोषाची सूचना झळकली की मालकाच्या पोटात गोळा येतो तो खर्चाचा. मोटारीतला सर्वांत महाग भाग बॅटरी, हे आता सर्वांना ठाऊक आहे. सल्लेही लगेच मिळतात. मिळेल त्या किमतीला विकून टाका, अमक्याकडे स्वस्तात सेल बदलून मिळतात, चालते आहे तोवर चालवा. हे तिन्ही सल्ले देणाऱ्याने एक गोष्ट विचारलेलीच नसते. बॅटरी थकली आहे की बिघडली आहे?

थकणे हा लिथियम-आयन बॅटरीचा स्वभाव आहे. प्रत्येक चार्जिंगबरोबर थोडे लिथियम कायमचे अडकून पडते आणि क्षमता घटते. उष्णता आणि भरगच्च चार्ज एकत्र आले की हा वेग वाढतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात शंभर टक्के चार्ज केलेली मोटार उन्हात चार दिवस उभी ठेवणे म्हणूनच बरे नव्हे. अमेरिकेतील ॲरिझोनात २०१२ मध्ये निसान लीफच्या मालकांना याचा अनुभव आला. त्या मोटारीच्या बॅटरीला थंड ठेवणारी द्रवप्रणाली नव्हती आणि वाळवंटी उन्हात ती अपेक्षेहून लवकर उतरली. पुढे कंपनीला क्षमतेचीही वॉरंटी द्यावी लागली. पण थकलेली बॅटरी सहसा धोकादायक नसते. तीनशे किलोमीटर जाणारी मोटार सव्वादोनशेवर आली आणि रोजचे जाणे-येणे चाळीसच किलोमीटरचे असेल, तर काहीही न करणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो.

बिघाडाची गोष्ट वेगळी. बॅटरीत अनेक सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि साखळीची ताकद सर्वांत दुबळ्या सेलवर ठरते. एका सेलचा दाब घसरला की नियंत्रण यंत्रणा साऱ्या बॅटरीला आवर घालते. मग पडद्यावर चाळीस टक्के दिसत असताना मोटार अचानक मंदावते किंवा थांबते. पण दोष सेलमध्येच असतो असे नाही. बारा व्होल्टची साधी बॅटरी उतरली तरी सूचनांची रांग लागते. तापमानाचा सेन्सर, मुख्य वीजजोडणीचा स्विच, शीतक द्रवाची गळती, जोडणीत शिरलेले पाणी, यांतले काहीही कारण असू शकते. ‘पूर्ण बॅटरी बदलावी लागेल’ हे वाक्य ऐकल्याबरोबर मान डोलावू नये. दोषाचे कोड, सेलनिहाय व्होल्टेज, इन्सुलेशनची मोजणी आणि उरलेली क्षमता लेखी मागावी. रक्ततपासणीचा अहवाल न पाहता शस्त्रक्रियेला कोणी तयार होत नाही. इथे लाखांचा खर्च मात्र तोंडी सांगण्यावर होतो.

खरी भीती असते ती सेलच्या आत होणाऱ्या शॉर्ट सर्किटची. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले बोल्टला काही ठिकाणी आगी लागल्या आणि ऑगस्ट २०२१ पर्यंत कंपनीला त्या नावाच्या सुमारे १ लाख ४० हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. एकाच सेलमध्ये ॲनोडची फाटलेली पट्टी आणि दुमडलेला विभाजक पडदा, असे दोन उत्पादनदोष एकत्र आले की धोका निर्माण होत होता. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सूचना होत्या: चार्ज नव्वद टक्क्यांवर नेऊ नका, फार खाली उतरू देऊ नका, चार्जिंगनंतर मोटार घराबाहेर उभी करा, रात्रभर आत चार्जिंगला लावून झोपू नका. पुढे काही मोटारींत चार्ज ऐंशी टक्क्यांवर रोखून सुमारे दहा हजार किलोमीटर बॅटरीवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर बसवले गेले आणि दोष आढळल्यासच बॅटरी बदलली गेली. म्हणजे बिघाडाचा संशय असलेली प्रत्येक बॅटरी फेकावी लागत नाही, पण संशय फिटेपर्यंत ती नेहमीसारखी वापरायचीही नसते.

आपल्या शहरांत हा प्रश्न सोसायटीच्या तळघरात येऊन थांबतो. बॅटरी पेटली की ज्वाळांइतकाच धूर घातक असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन फ्लोराइडही असू शकतो. तो फुप्फुसांना इजा करतो आणि त्रास काही तासांनीही उमटू शकतो. म्हणून ‘जरासाच धूर लागला’ म्हणून घरी बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटते. यावर सर्वच विजेच्या मोटारींना पार्किंगबंदी करणाऱ्या सोसायट्यांची भीती समजू शकते, पण उपाय चुकीचा आहे. दोषाची सूचना असलेली, खालून जोरदार आदळलेली किंवा पुराच्या पाण्यात उभी राहिलेली मोटार तपासणी होईपर्यंत तळघरात चार्ज होऊ नये, एवढा नियम पुरेसा आहे. फुसफुस आवाज, गोडसर रासायनिक वास किंवा पांढरा धूर आला तर दूर व्हावे आणि १०१ ला फोन करावा.

मोटार वॉरंटीत असेल तर निर्णय सोपा. बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी आपल्याकडे सर्रास दिली जाते. मात्र क्षमता किती घटली तर ती लागू होते, हे बारीक अक्षरांत असते. नेहमीच्या विमा पॉलिसीत झीज आणि आतला विद्युत बिघाड येत नाही. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेनंतर सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारलाही आहे. वॉरंटी संपल्यावर स्वस्त दुरुस्तीचा मोह होतो. जुन्या सेलच्या रांगेत वेगळ्या क्षमतेचे सेल बसवले की काही महिन्यांत असमतोल परततो, आणि तीन-चारशे व्होल्टच्या बॅटरीवर प्रशिक्षणाशिवाय हात घालणाऱ्या कारागिराचा जीव जाऊ शकतो.

राहता राहिला विकून टाकण्याचा सल्ला. दोष सांगून, अहवाल दाखवून विकायला हरकत नाही. सूचना तात्पुरती पुसून विकणे म्हणजे धोका दुसऱ्याच्या तळघरात ढकलणे. पेट्रोलच्या मोटारीला पीयूसी लागते. विजेच्या मोटारीला ती माफ आहे, ते योग्यच. पण मालकी बदलताना बॅटरीच्या प्रकृतीचा एकही कागद कोणी मागत नाही, हे योग्य नाही. कॅलिफोर्नियाने २०२६ च्या मॉडेलपासून बॅटरीची प्रकृती चालकाला दिसण्याची सक्ती करणारा नियम २०२२ मध्ये केला. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून अशा बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट लागणार आहे. पुण्या-मुंबईच्या आरटीओत हस्तांतराच्या अर्जाला एक प्रमाणित अहवाल जोडणे फार अवघड नाही.

मोटारीतून उतरवलेल्या बॅटरीचे काय? ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ स्टेडियममध्ये २०१८ पासून लीफच्या वापरलेल्या बॅटऱ्या वीज साठवतात. पण हा दुसरा जन्म थकलेल्या बॅटरीसाठी आहे, बिघडलेल्या नव्हे. बिघडलेली बॅटरी पुनर्चक्रणालाच गेली पाहिजे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी तिची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. भंगारवाला वजनावर चार पैसे जास्त देईल, पण तो ती उघडतो हातोडी-छिन्नीने, आणि बंद पडलेल्या बॅटरीतही बरीच वीज शिल्लक असते.