गुपित सांगावे, पण कुणाला?

कर्जत असो की खालापूर, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवारात तासभर उभे राहिले तरी तालुक्यातली बरीच गुपिते कानावर पडतात. कुणाच्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लावायचे राहिले आहे, कुठल्या मुंबईकराचा शेतकरी दाखला संशयास्पद आहे, कुणी एकाकडून विसार घेऊन दुसऱ्यालाच साठेखत करून दिले आहे, हे सारे एजंट, मुद्रांक विक्रेता, दस्त टाइप करणारा आणि झेरॉक्सवाला यांच्यासमोर खुशाल बोलले जाते. प्रकरण कोर्टात गेले आणि यांपैकी कुणाला साक्षीला बोलावले, तर ‘मला विश्वासाने सांगितले होते’ एवढ्यावर त्याला गप्प राहता येत नाही. गुपित राखण्याचे कुलूप कायद्याने वकिलाच्या तोंडाला घातले आहे. गंमत अशी की, लोक वकिलाकडेच सर्वांत शेवटी जातात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये ही तरतूद आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ती कलम १२६ मध्ये होती. पक्षकाराने वकिलाला वकील या नात्याने जे सांगितले, ते पक्षकाराच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही. खटला संपला, वकील बदलला, तरी हे बंधन सुटत नाही. ते वकिलाच्या कारकुनावर आहे, तसेच दुभाष्यावरही आहे. वाडीवरून आलेल्या कातकरी पक्षकाराचे म्हणणे दुभाष्यामार्फत वकिलापर्यंत पोहोचत असेल, तर त्या दुभाष्यालाही तोंड उघडता येत नाही. मात्र सोबत आलेला आणि नुसताच खुर्ची अडवून बसलेला ‘ओळखीचा माणूस’ या बंधनात येत नाही. वकिलाने त्याला आधी बाहेर बसवावे, हे उत्तम.

या संरक्षणाची हद्द कायद्याने उदाहरणे देऊनच आखली आहे. ‘मी बनावट दस्त केला, माझा बचाव करा’ असे वकिलाला सांगितले तर ते गुपित राहते. ‘या बनावट दस्ताच्या जोरावर मला मिळकतीचा ताबा मिळवून द्या’ असे सांगितले तर राहत नाही. दीडशे वर्षांपूर्वीची ही उदाहरणे फार्महाउसच्या प्लॉटसाठी लिहिल्यासारखी वाटतात. कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही आणि आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ चे निर्बंध आहेत. खोट्या दाखल्याचा गुन्हा दाखल झाल्यावर बचावासाठी केलेली कबुली सुरक्षित. तोच दाखला लावून खरेदीखत उरकण्यासाठी घेतलेला सल्ला असुरक्षित. आणि वकीलच सौद्यात दलाली करायला बसला, तर त्या बैठकीत त्याचा काळा कोट पक्षकाराच्या कामाचा नाही.

या कुलपाला तपास यंत्रणांकडूनच धक्का बसू लागला होता. जून २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल या ज्येष्ठ वकिलांना समन्स पाठवले. ओरड झाल्यावर मागेही घेतले. वकिलांना समन्स काढण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतला आणि तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी निकाल दिला. पक्षकाराची माहिती काढण्यासाठी वकिलाला समन्स काढता येणार नाही. प्रकरण कायद्यातल्या अपवादात बसत असेल तरच, तेही पोलिस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याच्या लेखी समाधानानंतर, काढता येईल. कंपनीत पगारावर असलेल्या विधी अधिकाऱ्याला मात्र न्यायालयाने कलम १३२ चे संरक्षण नाकारले. खोपोलीपासून रसायनीपर्यंतच्या कारखान्यांनी निकालाचा हा भाग वाचायला हवा. साहेबांनी विधी विभागाला पाठवलेला मेल ‘गोपनीय’ लिहिल्याने वकिलाच्या दप्तरात जात नाही.

डॉक्टरबाबतचा गैरसमज याहून मोठा आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे वैद्यकीय आचारसंहितेचे बंधन आहे, पण साक्ष्य अधिनियमात डॉक्टरला वकिलासारखे संरक्षण नाही. न्यायालयाने विचारले तर सांगावे लागते. अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर अवस्थेत दवाखान्यात आली, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे डॉक्टरला सक्तीचे आहे. तिचे लग्न झालेले असले तरी त्यातून सुटका नाही. कायद्याचा हेतू मुलीला वाचवण्याचा आहे. नवऱ्याला किंवा बापाला बेड्या पडतील या धास्तीने कुटुंबाने दवाखानाच टाळला, तर त्याची किंमत तीच मुलगी मोजते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात यावर वाट काढली : गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिची ओळख देण्याची गरज नाही. ही सवलत वाडीवर जाणाऱ्या आशा सेविकेला तोंडपाठ असली पाहिजे.

नवरा-बायकोचे बोलणेही कायदा जपतो, पण त्यांच्यातच दावा लागला की ते कवच गळते. चोरून केलेले फोन-रेकॉर्डिंगसुद्धा घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी सांगितले.

गावच्या राजकारणात मात्र वेगळेच संरक्षण कामी येते. सरपंचाने पैसे खाल्ल्याची तक्रार सद्भावनेने गटविकास अधिकाऱ्याकडे केली, तर ती बदनामीच्या गुन्ह्याला अपवाद ठरते. तोच मजकूर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर त्या अपवादाचा आधार सहसा मिळत नाही. आमदाराला विधानसभेतल्या भाषणासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४ चे कवच आहे. ग्रामसभेत उठून बोलणाऱ्याला ते नाही.

खबऱ्याची बाजू सर्वांत अवघड. गुन्ह्याची खबर कुठून मिळाली, हे सांगायला पोलिसाला भाग पाडता येत नाही. जुने कलम १२५, नवे १३१. या कलमाची दुसरी बाजूही या भागाला ठाऊक आहे. माथेरानचे स्वातंत्र्यसैनिक वीर भाई कोतवाल स्वतः कायदा शिकलेले. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत दलाने १९४२ मध्ये पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात हिराजी पाटील यांच्यासह ते पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. फितुरीने घात केला, असे या भागात आजही सांगतात. इंग्रजांच्या खबऱ्याला झाकणारे तेच कलम आज उल्हास नदीतली वाळू किंवा डोंगराचा मुरूम चोरणाऱ्याची माहिती देणाऱ्या गावकऱ्याला झाकते. महसूल बुडवण्याचा गुन्हा असेल तर तहसीलदारालाही हे कलम लागू आहे. पण हे संरक्षण साक्षीच्या पिंजऱ्यापुरते. दुपारी दिलेल्या अर्जावरचे नाव संध्याकाळी क्रशरमालकाला कळत असेल, तर त्या कलमाचा गावकऱ्याला काय उपयोग? याचा जाब तहसीलदार आणि ठाणेदारांनाच द्यावा लागेल.

राहिला प्रश्न वकील परवडण्याचा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि मुलाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी वाट दाखवली जाते. या वकिलाला सांगितलेला शब्द बड्या वकिलाला सांगितलेल्या शब्दाइतकाच सुरक्षित असतो. कर्जत आणि खालापूरच्या तालुका विधी सेवा समित्यांनी आपली शिबिरे कोर्टाच्या आवारातून काढून दुय्यम निबंधकाच्या दाराशी, एजंटांच्या टेबलांना लागून भरवावीत आणि खरेदीखतावर अंगठा उमटण्याआधी जमीनमालकाची वकिलाशी एकांतात दहा मिनिटे गाठ घालून द्यावी.