भुशाचा हिशेब कोणी ठेवावयाचा?

लकडगंजातल्या आरामशीनवर लाकूड चिरले की फळीची किंमत पावतीवर येते. शेजाऱ्याच्या छातीत जाणाऱ्या भुशाची येत नाही. अर्थशास्त्र यास बाह्य खर्च म्हणते. हाच प्रश्न आता डोळ्यांस न दिसणाऱ्या भुशाविषयी उपस्थित झाला आहे.

अर्धवाहक पदार्थांचे काही नॅनोमीटर आकाराचे कण, म्हणजेच क्वांटम डॉट्स, आकार बदलताच प्रकाशाचा रंग बदलतात. त्यांच्या शोधास २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दूरचित्रवाणीच्या पडद्यांतही ते पोहोचले आहेत. परंतु असा कण रक्तात शिरला की उघडा राहत नाही. प्रथिने त्यास चिकटून वेष्टन तयार करतात आणि पेशीची प्रथम गाठ पडते ती या वेष्टनाशी. चिकटताना काही प्रथिनांची घडी बिघडते. उलट कधी हेच वेष्टन कणाचा उपद्रव कमी करते.

महाराष्ट्रास हा विषय परका नाही. २००२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीकडून कॅडमियम सल्फाइडचे असे कण घडवून घेतले. बुरशीने स्रवलेल्या प्रथिनांनीच त्यांना स्थैर्य दिले. याच जातीची बुरशी विदर्भातल्या शेतकऱ्यास हरभऱ्याच्या मर रोगामुळे ठाऊक आहे. शेतातला शत्रू प्रयोगशाळेत कारागीर ठरला, हे कौतुकास्पद खरे. तथापि कॅडमियम विषारी आहे आणि वेष्टन काही चिरंतन नव्हे.

ई-कचरा नियमांनी उपकरणांतील कॅडमियमची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्के ठरविली आहे. ती योग्यच, परंतु तराजू कणाचा पृष्ठभाग मोजत नाही. तोच एक ग्रॅम पदार्थ जितका बारीक करावा तितका त्याचा पृष्ठभाग वाढतो, आणि प्रथिनांचा संबंध येतो तो पृष्ठभागाशीच.

तेव्हा परवान्यापूर्वी अशा कणांची परीक्षा केवळ शुद्ध पाण्यात न होता रक्तद्रवात, मातीत व सांडपाण्यात व्हावी. खर्च उत्पादकाने सोसावा. चाचणी मात्र स्वतंत्र संस्थेने करावी. १९५८ साली स्थापन झालेली राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था नागपुरातच आहे. तिने यात पुढाकार घेणे उचित होईल. यामुळे उद्योग मागे पडेल, असा आक्षेप येईल. परंतु चाचणी टाळल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो केवळ कारखान्याच्या खात्यातून रुग्णाच्या खात्यात जातो. आणि त्या खात्यास, दुर्दैवाने, कोणी लेखापरीक्षक नसतो.