सत्पात्री दानावर कराचा भार नको

वैशाख शुद्ध तृतीया, अर्थात अक्षय्य तृतीया, हा आपल्या साडेतीन मुहूर्तांत गणला जाणारा मंगल दिवस होय. आज घरोघरी पितरांचे स्मरण करून पाण्याने भरलेला कुंभ दान दिला जातो. वैशाखवणव्यात तहानलेल्याला पाणी द्यावे, यापरते समयोचित दान ते कोणते? या तिथीस दिलेले दान क्षय पावत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. मात्र देणाऱ्याच्या पुण्याची गणना करताना, घेणाऱ्याच्या पदरात ते दान अक्षय राहते काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

आपल्या प्राप्तिकर कायद्यानुसार, एखाद्या व्यक्तीस एका आर्थिक वर्षात मोबदल्याविना मिळालेली रक्कम एकूण ५०,००० रुपयांहून अधिक झाली, तर ती तिचे उत्पन्न समजली जाते. केवळ वरची रक्कम नव्हे, तर सारीच रक्कम करपात्र ठरते. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही ही तरतूद कायम आहे.

या नियमामागे कारण नव्हते असे नाही. १९५८ चा दानकर देणाऱ्यावर बसे. तो १९९८ मध्ये उठला. त्यानंतर खोट्या भेटींच्या आडून पैसा फिरू लागेल, ही धास्ती रास्तच होती. म्हणून २००४ मध्ये घेणाऱ्यावर कर आला. तेव्हाची २५,००० ची मर्यादा २००६ मध्ये ५०,००० झाली व आजही तीच आहे. या वीस वर्षांत रुग्णालयांची बिले कोठल्या कोठे गेली, हे प्रत्येक गृहस्थ जाणतो.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन भेद सांगितले असून, सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र यांचा विवेक सांगितला आहे. कायदा मात्र पात्र पाहत नाही. तो प्रामुख्याने दाता कोण एवढेच पाहतो. मामाने भाच्यास दिलेली रक्कम करमुक्त. पण त्याच भाच्याने आजारी मामास दिलेली रक्कम करपात्र! चुलतभाऊ, मावसभाऊ, शेजारी, जिवलग मित्र हे तर कायद्याच्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत बसतच नाहीत. लग्नात वराला वा वधूला आलेला आहेर कितीही मोठा असो, तो करमुक्त. रुग्णशय्येवरील माणसास आलेली मदत मात्र उत्पन्न!

नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, हे खरे. म्हणून लहान मदतीस सहसा झळ लागत नाही. परंतु अवयव प्रत्यारोपणासारख्या उपचारासाठी गावाने २० लाख रुपये जमविले असे समजा. रुग्णाचे अन्य उत्पन्न शून्य असले, तरी २०२५-२६ च्या दरांनी उपकरासह २,०८,००० रुपये कर होतो. ज्या पैशातला एकही रुपया घरात राहिला नाही, त्यावर हा कर! त्यास उत्पन्न म्हणावे तरी कसे?

यावर उपाय नाही असे नव्हे, आणि तो शासनाने स्वतःच एकदा केला आहे. कोविडच्या संकटात, जून २०२१ मध्ये, त्या आजाराच्या उपचारासाठी कोणाकडूनही मिळालेली मदत प्रत्यक्ष खर्चापुरती करमुक्त करण्याची घोषणा झाली व २०२२ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. जो न्याय एका आजारास लागला, तो कर्करोगास, हृदयविकारास वा भीषण अपघातास का लागू नये? रुग्णालयाची बिले आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र दाखविणाऱ्यास खर्चाइतकी रक्कम करमुक्त असावी. खोट्या भेटींचा मार्ग बंदच राहील आणि आर्ताची वाट मोकळी होईल.

तोवर आपणही विवेक बाळगावा. नोंदणीकृत धर्मादाय न्यासामार्फत आलेली मदत घेणाऱ्याच्या हाती सर्वसाधारणपणे करमुक्त असते. म्हणून मोठी वर्गणी जमविताना तो मार्ग अवलंबावा. थेट मदत दिल्यास नाव, दिनांक, रक्कम यांची नोंद व बिले जपून ठेवावीत. गुप्तदान हे श्रेष्ठ मानले गेले आहे खरे. परंतु येथे गुप्तता देणाऱ्याने मनात ठेवावी, कागदावर नव्हे.

राजाने प्रजेकडून कर घ्यावा, हे धर्मशास्त्रासही मान्य आहे. पण कर उत्पन्नावर असावा, आपत्तीवर नसावा. तहानलेल्याच्या ओंजळीत आपण पाणी ओततो, तेव्हा त्यातला वाटा कोणी मागत नाही. संकटात सापडलेल्याच्या हाती ठेवलेल्या पैशासही तोच न्याय मिळावा, हीच आजच्या पुण्यदिनी अपेक्षा.