विमानाचे पॉइंट कुणाच्या वहीत?

मागच्या अंकात साठवणीच्या गव्हाबद्दल लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली आहेत. कडुलिंबाचा पाला विरुद्ध एरंडेल हा वाद पुढच्या खेपेला मिटवू. आज नाशिकच्या एका वाचक भगिनीला आधी उत्तर द्यायचं आहे, कारण त्यांचं तिकीट काढायचं अडून बसलंय.

त्या लिहितात, "माझं वय ६३, ह्यांचं ६९. मुलगी न्यू जर्सीत, मुलगा दुबईत. गेल्या ६ वर्षांत ३ वेळा मुलीकडे आणि ४ वेळा मुलाकडे जाणं झालं. दर वेळी स्वस्त पडेल त्या कंपनीनं गेलो. आता मुलगी म्हणते, आई, अमक्या कंपनीच्या योजनेत नाव घाल. मुलगा म्हणतो तमक्या. आणि बँकेतला पोरगा क्रेडिट कार्ड घ्या म्हणून मागे लागलाय. पुढच्या मार्चमध्ये मुलीचं दुसरं बाळंतपण आहे. ह्यांचे गुडघे गेलेत, एवढे तास पाय दुमडून बसवत नाही. एकदा तरी ह्यांना पुढच्या मोठ्या खुर्चीत बसवून न्यावं असं मनात आहे. कोणती योजना सगळ्यांत चांगली?"

पत्र वाचलं आणि माझी मलाच आठवण झाली. धाकटीच्या बाळंतपणाला मी गेले, तेव्हा कार्डही होतं आणि पॉइंटही मिळायचे होते. पण कार्डावर नुसतं माझं नाव-आडनाव आणि तिकिटावर पासपोर्टप्रमाणे मध्ये ह्यांचं नाव. दोन नावं जुळली नाहीत आणि जातानाचे, येतानाचे सगळे पॉइंट हवेत गेले. मागून मागायला बोर्डिंग पास हवा होता. त्यात मी मेतकुटाच्या डब्याचं झाकण गुंडाळून कधीच टाकून दिलेला! तेव्हापासून मी या विषयात जरा लक्ष घालते.

आधी हे पॉइंट म्हणजे काय ते पाहू. अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ रोजी आपली योजना काढली, तेव्हा हिशेब सरळ होता. जितके मैल उडाल तितके मैल वहीत जमा. म्हणून आजही आपली मुलं 'माइल्स' म्हणतात. पण आता बऱ्याच ठिकाणी मैल उरलेत फक्त नावाला. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ साली, अमेरिकननं २०१६ साली आणि आपल्या एअर इंडियानं २०२४ साली हिशेब बदलला. आता किती लांब गेलात यापेक्षा तिकिटाला किती पैसे मोजलेत ते पाहतात. म्हणजे आपल्यासारख्या स्वस्त तिकीट शोधणाऱ्या बायकांना तेवढंच अंतर जाऊन थोडं कमीच मिळतं.

आणि त्या पॉइंटांची किंमत कोण ठरवतं? कंपनीच. बोहारणीचा व्यवहार आठवा. साडी आपली, पण तिच्यावर स्टीलचं पातेलं मिळणार की नुसती वाटी, ते बोहारीण ठरवते. आज अमुक पॉइंटांत मिळणारी खुर्ची उद्या दीडपट पॉइंटांची झाली तर तक्रारीला जागा नाही. बोहारणीशी निदान घासाघीस तरी करता येते! कंपन्यांना मात्र या वह्यांची किंमत पक्की ठाऊक असते. २०२० साली विमानं जमिनीवर बसली, तेव्हा युनायटेडनं आपली ही योजनाच तारण ठेवून मोठं कर्ज उभं केलं. आपण अडीनडीला पाटल्या ठेवतो तसं. बँकांना पॉइंट विकून कंपन्या भरपूर कमावतात, म्हणून तर बँकेतला पोरगा तुमच्या दारात येतो.

म्हणून 'सगळ्यांत चांगली योजना' असं काही नसतं. भिशीत आपण काय पाहतो? रक्कम किती यापेक्षा चालवणारी कोण आणि आपला नंबर कधी लागणार. इथंही तेच. तुमचं जाणं कुठल्या वाटेनं आणि किती वर्षांनी, यावर सगळं अवलंबून.

मुदतीचंच पाहा. दुबईच्या एमिरेट्सचे माइल्स सुमारे ३ वर्षं टिकतात आणि मग वाढदिवसाचा महिना संपला की वहीतून उडतात. (काय ती वाढदिवसाची भेट!) सिंगापूर एअरलाइन्सचेही ३ वर्षंच. कतारच्या पॉइंटांना 'एव्हिओस' म्हणतात. ते ३६ महिन्यांत वहीत एकदा जरी काही जमा-खर्च झाला तर पुढे चालू राहतात. युनायटेड आणि डेल्टाच्या माइल्सना मुदत नाही. दर वर्षी जाणारीला मुदतीची चिंता नको, पण ४ वर्षांतून एकदा जाणारीनं ३ वर्षांच्या योजनेत पै-पै साठवणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं.

आता एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. ज्या कंपनीनं उडता तिच्याच वहीत पॉइंट घालायला हवेत असं नाही. कंपन्यांचे गट असतात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स गटात आहे आणि युनायटेड, लुफ्थान्सा, सिंगापूर एअरलाइन्स हेही त्याच गटात. तेव्हा एअर इंडियानं जाऊन पॉइंट युनायटेडच्या, म्हणजे मुदत नसलेल्या वहीत घालता येतात. फक्त तिकिटावरचं वर्गाचं इंग्रजी अक्षर आधी पाहावं. अगदी स्वस्त अक्षरांवर दुसऱ्या कंपनीच्या वहीत फार कमी मिळतं, कधी काहीच मिळत नाही. एमिरेट्स कुठल्याच गटात नाही, तिचे माइल्स तिच्यावर आणि तिच्या मोजक्या भागीदारांवरच वापरायचे.

कंपनी टिकेल का, हाही प्रश्न आहेच. किंगफिशर २०१२ साली बंद पडली तेव्हा लोकांचे पॉइंट बुडाले. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, पण तिची योजना निराळ्या कंपनीची होती, म्हणून ते पॉइंट लगेच बुडाले नाहीत, पुढं 'इंटरमाइल्स' नावानं चालले. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात मिळाली, तेव्हा तिच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत वळते झाले. त्या योजनेला आता महाराजा क्लब म्हणतात. तीन कंपन्या, तीन तऱ्हा. म्हणून मी म्हणते, पॉइंट म्हणजे मुदत ठेव नव्हे. खुर्चीपुरते जमले की वापरून मोकळं व्हावं.

आता जरा मनातलं. माझ्या मावसबहिणीचे यजमान कंपनीच्या कामानं २० वर्षं विमानानं हिंडले. पॉइंटांचा डोंगर. "निवृत्त झालो की तुला युरोप दाखवतो," म्हणायचे. निवृत्तीनंतर ८ महिन्यांत गेले. बहिणीनं कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की सभासदाबरोबर पॉइंटही संपतात, वारसाला मिळत नाहीत. नियमात तसं लिहिलेलंच होतं, पण कोण वाचतं? बऱ्याच योजनांत हे पॉइंट तुमची मालमत्ता मानतच नाहीत. काही कंपन्या मृत्यूचा दाखला पाहून वारसाच्या नावावर करून देतात, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग. बँकेच्या पासबुकावर आपण दोघांची नावं घालतो, इथं तशी सोय नाही. तेव्हा भगिनींनो, स्वतःच्या नावाची वेगळी वही काढाच. फुकट असते. आणि ह्यांच्या वहीत भरपूर असतील तर ते हयातीत, हौसेनं, दोघांनी मिळून खर्च करा.

काही योजनांत घरच्यांचे पॉइंट एकत्र करता येतात. एमिरेट्समध्ये कुटुंबाचं एक खातं करून ८ जणांपर्यंत माइल्स एका जागी जमवता येतात. युनायटेडनं २०२४ साली ५ जणांची सोय केली. ब्रिटिश एअरवेजचंही घरचं खातं असतं. एकट्याचे थोडे-थोडे वाया जाण्यापेक्षा चौघांचे मिळून एक खुर्ची होते.

तर नाशिकच्या ताई, तुमच्यासाठी माझं मत असं. मुलगा दुबईत आहे आणि तुमच्या ७ फेऱ्यांतल्या ४ तिकडच्याच. मुंबईहून दुबई, मुलाकडे ४ दिवस विश्रांती आणि तिथून न्यूयॉर्क, हे ह्यांच्या गुडघ्यांनाही सोसेल. तेव्हा एमिरेट्सची वही, दोघांच्या दोन, आणि तिघांचं कुटुंबाचं खातं. मुलगा कामासाठी हिंडत असेल तर त्याचे माइल्सच खरे उपयोगी. तुमचे आत्तापासून जमवलेले मार्चपर्यंत पुरणार नाहीत, हे स्पष्ट सांगते. तेवढ्यातून दोघांच्या चारही खेपा मोठ्या खुर्चीत होणार नाहीत. पण दुबई ते न्यूयॉर्क हा लांबचा एक टप्पा, तोही फक्त ह्यांच्यासाठी, मुलाला विचारून पाहा. माइल्सवर वरचा वर्ग घ्यायचा असेल तर अगदी तळाचं स्वस्त तिकीट घेऊ नका, त्यावर ती सवलत बहुधा नसते. आणि 'फुकट' तिकिटालाही कर आणि आकार रोख भरावे लागतात, ते आधी विचारा.

आणि दुबईत उतरून पुन्हा सामान, पुन्हा रांगा ह्यांना झेपणार नसतील तर पॉइंटांचं नावही काढू नका. सरळ जाणारं विमान घ्या, व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा आणि पॉइंट युनायटेडच्या वहीत पडतात का एवढंच पाहा.

क्रेडिट कार्डाचं म्हणाल, तर दर महिन्याचं बिल पुरतं फेडायची शिस्त असेल तरच. थकलेल्या बाकीवर महिन्याला ३ टक्क्यांच्या पुढं व्याज लागतं, त्यात कुठले माइल्स परवडणार? कार्डाचे पॉइंट घ्यायचेच तर हव्या त्या विमान कंपनीकडे वळवता येतील असं कार्ड पाहा, पण खुर्ची मिळतेय याची खात्री झाल्याशिवाय वळवू नका. एकदा वळवले की परत येत नाहीत.

नाव मात्र तिन्ही ठिकाणी, म्हणजे पासपोर्ट, तिकीट आणि वही, अक्षरन् अक्षर एकच हवं. 'सौ.' नको, माहेरचं नाव नको, पासपोर्टात मधलं नाव असेल तर तेही हवं. बोर्डिंग पासाचा घरी येताच फोनवर फोटो काढून ठेवा. पॉइंट पडले नाहीत तर मागून मागायला बहुतेक ठिकाणी ६ ते १२ महिने मिळतात, पण प्रवासाच्या वेळी सभासद असावं लागतं. म्हणजे ताई, तिकीट काढायच्या आधी वही. नियम बदलत असतात, तेव्हा तिकिटाच्या दिवशी मुलाकडून एकदा वाचून घ्या.

बाळंतविड्याच्या सामानाबद्दलही तुम्ही विचारलंय. डिंकाचे लाडू चालतील, पण सामानाच्या अर्जात खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून लिहा. बाकीचं पुढच्या अंकात, गव्हाच्या किडीबरोबरच.