आरोग्यचिंतन : पोटांतून येणारी साखर

मूत्रपिंडें निकामी झालेल्या रोग्याच्या घरीं एक गोष्ट पुष्कळदां ऐकूं येते. सासूबाई किंवा मामंजी पूर्वीसारखे जेवत नाहींत; पण वजन कांहीं उतरलेलें नाहीं, उलट थोडें वाढलेंच आहे. तेव्हां काळजीचें कारण नाहीं, असें घरचीं माणसें समजतात. पोटांत द्रावण सोडून जें डायालिसिस केलें जातें, त्यांत हा समज घातक ठरूं शकतो.

आपल्या आंतड्यांवर व पोटाच्या आंतल्या भिंतीवर एक पातळ पडदा असतो. त्याला उदरावरण म्हणतात. तो पसरला तर जवळजवळ आपल्या त्वचेएवढा भरेल. आणि त्यांत केशवाहिन्यांचें दाट जाळें असतें. १९२३ सालीं जर्मनींत गेओर्ग गांटर यांनीं या पडद्याचा चाळणीसारखा उपयोग करून पाहिला. घरच्या घरीं अखंड चालणारी आजची पद्धति १९७६ सालीं अमेरिकेंत पोपोविच व मॉनक्रीफ यांनीं मांडली. रोगी साधारणतः २ लिटर द्रावण पोटांत सोडतो व कांहीं तासांनीं तें काढून नवें घेतो. असें बहुधा दिवसांतून चार वेळां.

युरियासारखीं टाकाऊ द्रव्यें रक्तांतून या द्रावणांत आपोआप उतरतात. परंतु अंगांतील जादा पाणी ओढावयाचें, तर द्रावण गोड असावें लागतें. कैरीच्या फोडींना साखर लावली कीं त्यांना पाणी सुटतें, तोच हा न्याय. मात्र येथें दार दोन्ही बाजूंनीं उघडें असतें. द्रावणांतील ग्लूकोजचा निम्म्याहून अधिक भाग रक्तांत शिरतो. दिवसाकांठीं सुमारें १०० ते २०० ग्रॅम. एका ग्रॅमला ४ उष्मांक धरले, तर न जेवतांच ४०० ते ८०० उष्मांक पोटांत पडले! भूक मंदावते, चरबी वाढते, मधुमेह्याची साखर चढते. उलट दिशेनें रोज ५ ते १५ ग्रॅम प्रथिनें द्रावणाबरोबर वाहून जातात. म्हणजे वजन टिकतें, पण स्नायु झिजतात.

यावर दोन निराळीं द्रावणें निघालीं आहेत. पहिलें आयकोडेक्स्ट्रिनचें. हें पिष्टापासून केलेलें मोठ्या कणांचें द्रव्य केशवाहिन्यांत सहसा शिरत नाहीं. लसीकावाहिन्यांतून सावकाश रक्तांत जातें. म्हणून रात्रभर पोटांत ठेवलें तरी त्याची ओढ टिकते. पण शरीरांत त्यापासून माल्टोज बनतें, आणि कांहीं साखरमापक यंत्रें त्यालाच ग्लूकोज समजून आंकडा फुगवून दाखवितात. त्या आंकड्यावर विसंबून इन्शुलिन टोचलें तर प्राणावर बेतूं शकतें. घरचें यंत्र चालेल कीं नाहीं, हें डॉक्टरांस आधीं विचारावें.

दुसरें द्रावण अमिनो आम्लांचें. त्यांत साखर नसते, १.१ टक्के प्रमाणानें २ लिटरांत २२ ग्रॅम अमिनो आम्लें असतात, व चार ते सहा तासांत त्यांचा बहुतेक भाग रक्तांत जातो. गेलेल्या प्रथिनांची भरपाई अशी होते. परंतु त्या वेळीं पुरेसे उष्मांक मिळाले नाहींत, तर शरीर हीं आम्लें जाळून टाकतें व युरिया मात्र वाढतो. म्हणून तें मुख्य जेवणाच्या वेळीं, आणि सामान्यतः दिवसांतून एकदांच देतात.

अशा रोग्यास दर किलो वजनामागें रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनें लागतात. ५० किलोच्या माणसास ५० ते ६० ग्रॅम. शाकाहारी घरांत तीं मुख्यतः दूध, पनीर व डाळी यांतूनच यावयाचीं. पण त्यांतील फॉस्फरस व पोटॅशियम यांचा हिशेब वैद्यकीय सल्ल्यानेंच बसवावा. एकादशीला तर विशेष जपावें. साबुदाणा म्हणजे बहुतांशीं पिष्ट, आणि साखर पोटांतून येतच असते. तुटवडा पडतो तो प्रथिनांचा. वडील माणसांची श्रद्धा न दुखवितां ही गोष्ट त्यांना समजावून सांगणें, हें घरांतील कर्त्या माणसांचें काम आहे. केवळ वजनकांट्यावर न जातां रोग्याचे दंड, त्याची शक्ति आणि ताटांत उरलेलें वरण यांवर लक्ष ठेवावें.